आपटमास्तर आणि हिरवं पाणी

पहिला ठोसा बरगडीत बसला, तेव्हा तालमीच्या हॉलमधल्या चौदाच्या चौदा विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना तरी कसा दोष द्यायचा? शनिवारी सकाळी आपटमास्तर शिकवायचे ते हेच. कुणीतरी अंगावर धावून यायचं, मास्तर टेबलासकट कोलमडायचे, बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, आणि मग मास्तर कपडे झटकत उठून म्हणायचे, "बघितलंत? साधं खरचटलंसुद्धा नाही." त्यामुळे दार लाथेने उघडून एक आडदांड माणूस आत शिरला, "तूच ना रे तो हिरवं पाणी पिणारा?" असं गरजला आणि सरळ मास्तरांच्या अंगावर गेला, तेव्हा सगळे भिंतीला पाठ लावून नीट बसले. एकाने तर टिपणं घ्यायला वही उघडली.

मास्तरांचंही चुकलंच. नाटकातल्या मारामारीत मारणाऱ्याचा हात हवेतून जातो आणि आवाज काढायचा तो मार खाणाऱ्याने, स्वतःच्या मांडीवर थाप मारून. पंचेचाळीस वर्षांची सवय. दुसरा ठोसा येताना दिसला आणि मास्तरांचा उजवा हात आपसूक मांडीवर गेला. आवाज फक्कड निघाला. पण तोंड सांभाळायला हात उरला नाही, आणि ठोसा नाकावर बसला.

"वा!" वहीवाला म्हणाला.

रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं, सदऱ्यावर सांडलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहून विचारायला लागली, "सर, रंगाची पिशवी कुठे लपवली होती? नाकात मावते?"

"पिशवी नाही गं बाई," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात त्या माणसाने त्यांना गळपट्टीला धरून जमिनीवर आदळलं.

मास्तरांनी आयुष्यभर शेकडो जणांना पडायला शिकवलं होतं. हनुवटी छातीला, हात पसरलेले, श्वास सोडत. तसे ते पडलेही. पण रोज धान्याची पोती वाहणारा माणूस छातीवर बसला, की पडण्याची कला काही कामाची राहत नाही. त्याचे अंगठे गळ्यावर आले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"माझी बायको तिकडे मरतेय," तो दातओठ खात म्हणाला, "आणि तू इथे टाळ्या घेतोस?"

आता कुठे टाळ्या थांबल्या.

"कोण... बायको?"

"ठिणगी! तुझी ठिणगी!"

मास्तर त्याची मनगटं सोडवायची खटपट करत होते. ते नाव ऐकलं आणि त्यांचे हात आपणहून बाजूला पडले.

ठिणगी म्हणजे मास्तरांची सगळ्यात लाडकी शिष्या. सोळाव्या वर्षी मास्तरांच्या नाटक कंपनीत आली आणि पहिल्याच दिवशी मास्तरांच्या नडगीवर लाथ घालून म्हणाली, "लागलं ना? मग न लागणारी शिकवा." दोन वर्षांत अशी तयार झाली, की नाटकात तलवारीचा प्रसंग असला तर जाहिरातीवर नायिकेपेक्षा तिचं चित्र मोठं छापायचे. पायऱ्यांच्या टोकावरून दोन तलवारी घेऊन तिने उडी घेतली की वरच्या माडीतले प्रेक्षकसुद्धा उभे राहायचे. काय दिवस होते ते! नारळाच्या काथ्याच्या गाद्या, पत्र्याच्या ढाली, आणि पडद्यामागे मास्तर, ओठांनी आकडे मोजत.

पण तिला लहानपणापासून साखरेचा आजार. उतारवयात हळूहळू जडतो तो नव्हे. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नव्हतं. ते दिवसातून चार वेळा सुईने द्यायचं, आणि नाही दिलं तर माणूस काही दिवसांत संपतो. मास्तरांना हे तिच्या आईइतकंच ठाऊक होतं. प्रयोगाच्या वेळी त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. साखर घसरून ती डोळे फिरवायला लागली की दोन प्रवेशांच्या मध्ये मास्तर तिच्या गालात एक कोंबायचे आणि म्हणायचे, "चघळ आणि मर जाऊन तिकडे." कारण पुढच्या प्रवेशात तिला मरायचंच असायचं.

सहा वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली. ठिणगीने बाजारातल्या एका हमालाशी लग्न केलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला संसार मांडला. मास्तर थोरल्या बहिणीकडे राहायला गेले आणि एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवारचे वर्ग घ्यायला लागले.

आणि गेल्या वर्षी त्यांचा जबडा मोडला.

एका हौशी नाट्यमंडळाला ते काठीची मारामारी बसवून देत होते. नायकाचं काम करणारा दिवसा कुठल्याशा कचेरीत असायचा. या कामात एकच नियम आहे: मार खाणारा नजर देतो, मगच मारणाऱ्याचा हात सुटतो. नायकाने नजर घेतली नाही. तो आपला फोटो कोण काढतंय ते बघत होता. काठी पूर्ण वेगाने आली आणि मास्तरांच्या डाव्या जबड्यावर बसली. हाड दोन ठिकाणी तुटलं. तीन दाढा जिभेवर आल्या. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला, आणि तो आवाज मास्तरांनी काढलेला नव्हता.

सात आठवडे वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून ठेवले होते. बहीण सगळं पातळ करून नळीने पाजायची आणि वर बोलायची, "जन्मभर सांगत होते तोंड आवर. शेवटी तारेनेच आवरावं लागलं ना?" मास्तर आधी चांगलेच अंगाने भरलेले. सात आठवड्यांत आणि पुढच्या दोन महिन्यांत मिळून एकवीस किलो झडले.

हे त्यांनी बहिणीखेरीज कुणाला कळू दिलं नाही. मारामारी शिकवणाऱ्याचा जबडा मारामारी शिकवताना मोडला, हे सांगणार तरी कसं? उद्या शिकायला कोण येईल? बाहेरगावी गेलो होतो, म्हणाले. लोक विचारायचे, "मास्तर, निम्मे झालात की हो!" मास्तर गूढ हसायचे.

त्या हसण्यावर भुलून पावडरवाला आला. इस्त्रीचा सदरा, गोड जीभ, हातात मोठा फोन. हिरव्या पुडीचं पेय विकायचा, फोनवरच जाहिराती करायचा. हॉलमध्ये लावलेला मास्तरांचा जुना फोटो आणि समोरचे मास्तर यांच्याकडे तो आळीपाळीने बघत राहिला.

"काका, कसं केलंत?"

"आहे एक गुपित."

"मग ते गुपित माझ्या डब्यात आहे, एवढंच म्हणायचं. संवाद मी लिहून देतो."

संवाद! मास्तरांनी अठराशे प्रयोग केले होते आणि त्यांच्या वाट्याला आलेले शब्द होते "आई गं", "दगा, सरदार, दगा!" आणि "मेलो". आता एक कागद हातात आला होता. सव्वा मिनिटाचं सलग बोलणं, सगळं त्यांचं एकट्याचं, आणि तोंडावर दिवा. त्यांनी कागद वाचला.

"साखरेचं औषध सुटलं, इन्सुलिन सुटलं... पण मला साखर नाहीच आहे."

"काका, राजाचं काम करणारा राजा असतो का?"

या एका वाक्यावर नटाला कुठेही नेता येतं. मास्तरांनी पाठांतर केलं, जुना भरजरी आवाज काढला, हिरवा ग्लास तोंडाला लावला, मिशी पुसली आणि बोलले: "एकवीस किलो! गोळ्या सुटल्या, इन्सुलिन सुटलं. पहिले काही दिवस उलट्या होतील, घाबरू नका. अंगातलं विष बाहेर पडतंय!"

तो व्हिडिओ वीस लाख लोकांनी पाहिला. बसथांब्यावर बायका ओळखायला लागल्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी, असाच शनिवार होता, विद्यार्थी भोवती होते, ठिणगीचा फोन आला.

"मास्तर, खरं का हो ते?"

"खरं का काय विचारतेस? डोळ्यांनी बघतेस ना?"

ती खळखळून हसली. "मला परत उडी मारायचीय. नव्या नाटकाला तलवारवाली हवीय म्हणे. आणि मी आता पोत्यासारखी झालेय. नवरा उचलून ट्रकमध्ये टाकेल चुकून."

"मग कर सुरू, आणि मार उडी!"

एवढंच बोलणं झालं होतं. तिच्या सुईबद्दल त्यांनी विचारलं नाही. भोवती चौदा जण कौतुकाने बघत होते ना.

हमालाने त्यांना हॉलमधून ओढत नेऊन टेम्पोत अक्षरशः भरलं. मास्तरांनी नाकात रुमाल कोंबला होता. हमालाच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेल लाल झालेला.

"इंजेक्शन घेऊन जवळ गेलो सकाळी," तो गिअर टाकत म्हणाला, "तर स्वयंपाकघरातल्या सुरीने चिरला हात. वर चावली. माझी बायको! मुंगीला पाय लागला तर बाजूला होणारी."

"किती दिवस सुई बंद?"

"पंधरा दिवस निम्मी घेत होती. परवापासून बंद. काल दिवसभर उलट्या. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, विष बाहेर पडतंय, मास्तरांनी सांगितलंय. अँब्युलन्स येऊन खाली उभी आहे. त्यांनाही तिने सुरी दाखवली. ते म्हणतात पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही. शेजारी एक रिटायर नर्सबाई आहेत, त्यांना दारात बसवून आलोय. त्या म्हणाल्या, तासा-दोन तासांचा प्रश्न आहे."

सिग्नलला टेम्पो थांबला तशी त्याने बुक्की स्टिअरिंगवर आपटली.

"तू तिला सांगायचंस. सगळं. ती फक्त तुझं ऐकते. आणि नाही ऐकलं, तर तिच्याआधी तुला पोचवेन."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नकोस! डोकं फिरतं माझं!"

मास्तरांनी रुमाल नाकात आणखी आत कोंबला. गळ्यावर अंगठ्यांचे वळ उमटले होते. गिळताना दुखत होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दारात नर्सबाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर औषधाची पेटी. "श्वास बघा तिचा," त्या हळू म्हणाल्या, "धावून आल्यासारखा चाललाय. आणि बोलताना घसरतेय. लवकर करा काय ते."

आत वास होता. पिकून सडायला लागलेल्या फळांसारखा, गोडसर आणि वाईट. ओट्यावर हिरव्या पुडीच्या सहा बरण्या, दोन उघड्या. जमिनीवर बादली. आणि ओटा नि कपाट यांच्या कोपऱ्यात पाठ लावून ठिणगी बसली होती. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले, पण सुरी मात्र बरोबर धरलेली: अंगठा पात्यामागे, कोपर अंगाशी, टोक समोरच्याच्या गळ्याच्या उंचीला. ही पकड मास्तरांनीच तिला शिकवली होती. फक्त तेव्हा पातं लाकडाचं होतं.

"मास्तर!" तिचा चेहरा उजळला. "आलात? बघा, सात किलो उतरले! अजून तीन, की उडी."

मास्तर तिच्यासमोर चार हात अंतरावर गुडघे टेकून बसले.

"ठिणगे, मी खोटं बोललो. त्या पाण्याने काही होत नाही. मी वाळलो ते जबडा मोडला म्हणून. सात आठवडे तोंड शिवल्यासारखं होतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या नाकाकडे, सदऱ्यावरच्या रक्ताकडे, गळ्यावरच्या वळांकडे. मग दारातल्या नवऱ्याकडे.

"ह्यांनी मारलं तुम्हाला," ती म्हणाली. "मारून आणलंय. मार देऊन पढवलंय."

हमालाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्वतःच्या हाताने मास्तरांच्या शब्दाची किंमत शून्य करून टाकली होती.

"अगं, त्याने मारलं ते खरं, पण..."

"लाज नाही वाटत?" ती नवऱ्यावर ओरडली. "म्हाताऱ्या माणसाला मारता? पुढे या, तुमचा दुसराही हात फाडते!"

"पोरी, हे बघ," मास्तरांनी तोंड उघडून डावीकडची रिकामी हिरडी दाखवली. "तीन दाढा गेल्या. हनुवटीखाली व्रण आहे, हात लाव."

"रंगभूषा," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता श्वास अडकला, खोकला आला, बादलीकडे वळली; पण सुरीचं टोक हललं नाही. डोळे परत वर आले तेव्हा ते मास्तरांवर ठरत नव्हते, घसरत होते.

मास्तर हातभर पुढे सरकले. सुरी सपकन आली. त्यांनी तळवा आडवा घातला, आणि अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत आग गेली. रक्त फरशीवर टपटपलं. हमाल धावला, मास्तर ओरडले, "मागे! ती मारेल तुला, खरंच मारेल!"

नर्सबाईंनी त्याला मागून धरलं. म्हाताऱ्या बाईचा जोर तो काय, पण तो थांबला.

मास्तरांनी रडून पाहिलं असतं, पाया पडून पाहिलं असतं. पण ठिणगीसमोर ते वीस वर्षं नाटक करत आले होते. त्यांचा प्रत्येक हुंदका, प्रत्येक थरथर तिने विंगेतून बघितलेली होती. त्यांच्या खरेपणाला तिच्यापाशी काही पुरावाच नव्हता. जे होतं ते तिच्या फोनमध्ये होतं.

"माझा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे? लाव."

"पाठ आहे मला."

"ऐकू नकोस. आवाज बंद कर आणि बघ. शिष्या आहेस ना माझी? मग माझ्या कामातली चूक काढ."

हे मात्र तिला आवडलं. चूक काढायला ती कायम तयार असायची. सुरी उजव्या हातात ठेवून तिने डाव्या हाताने फोन उचलला. बोटं दोनदा चुकीच्या जागी लागली. मग पडद्यावर मुके मास्तर बोलायला लागले.

"ग्लास बघ," मास्तर म्हणाले. "कसा धरलाय?"

"चार बोटं पुढे."

"का?"

 नाटकात दारू प्यायची, विष प्यायचं, रोज प्यायचं, कधी दिवसातून दोनदा. म्हणून खरोखर कुणी पीत नाही. आतल्या पाण्याची पातळी दिसू नये म्हणून ग्लास चार बोटांनी झाकतात, ओठ मिटून काठ टेकवतात, आणि मिशी पुसता पुसता ग्लास खाली नेतात. ज्याला थोडं बरं काम येतं तो गळ्याची घाटी तेवढी वर-खाली करतो. मास्तरांना ते कधी जमलं नाही. यावरून ठिणगीने त्यांना किती चिडवलं असेल, मोजदाद नाही: मास्तर, तुम्ही प्याल त्या विषाने कुणी मरणारच नाही.

तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. ग्लास वर गेला. गळा स्थिर. ग्लास खाली आला. मिशी पुसली गेली. तिसऱ्यांदा तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"घाटी हलली नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही... प्यायलाच नाहीत."

"एक थेंब नाही."

"कधीच?"

"कधीच. वासानेच मळमळलं होतं."

 मग सुरी फरशीवर पडली आणि हाताला आली ती बरणी तिने फेकली. मास्तर हलले नाहीत. बरणी कपाळाच्या कडेला लागून फुटली. हिरवी पूड आणि काच आणि रक्त, सगळं एकत्र त्यांच्या डोळ्यात उतरलं. दुसरी बरणी भिंतीवर फुटली. मग ती स्वतःच अंगावर आली. दोन दिवस पोटात काही न टिकलेली बाई एवढ्या जोराने कशी उठली कोण जाणे, पण तिने मास्तरांना उताणं पाडलं आणि मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, तोंडावर, छातीवर, मोडून जोडलेल्या जबड्यावर. तिने जन्मात कुणाला खरी मूठ मारलेली नव्हती. अंतर कसं धरायचं, हात कुठे थांबवायचा एवढंच तिला येत होतं. आता एकही हात थांबला नाही.

"फोन केला होता मी! विचारलं होतं तुम्हाला! विचारलं होतं!"

"हो," मास्तर म्हणत होते. "विचारलं होतंस."

हमाल तिला ओढायला वाकला. "नको," मास्तर म्हणाले. तोंडातून शब्दांबरोबर रक्त आलं.

सातवा-आठवा ठोसा हलका पडला. नंतरचे नुसतेच हात ठेवल्यासारखे. मग ती त्यांच्या छातीवरून घरंगळून बाजूला पडली, छताकडे बघत राहिली आणि मास्तरांकडे मान न वळवता म्हणाली, "नर्सबाई, टोचा."

खाली थांबलेले अँब्युलन्सवाले दोघे स्ट्रेचर घेऊन वर आले. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तर हमालाने एका हाताने रेलिंग धरून दुसऱ्या हाताने, त्या फाटक्या हाताने, स्ट्रेचरची कड डोक्यावर उचलली.

ठिणगी तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. दुसऱ्या दिवशी हमालाने उरलेल्यांतली एक बरणी डॉक्टरीणबाईंसमोर ठेवली. त्यांनी ती तपासायला पाठवली, आणि चौथ्या दिवशी बाहेर येऊन बाकावर बसलेल्या दोघांना सांगितलं. एकाचा हात बांधलेला, दुसऱ्याचं डोकं, नाक आणि तळवा.

"वाळलेल्या पाल्याची पूड आणि जुलाबाचं औषध. बाकी काही नाही. याने वजन उतरतं ते पाण्याचं. पाणी प्यायलं की परत येतं. चरबी जाळणारं पेय असं काही नसतं हो. आणि हिचे सात किलो या पुडीनेही उतरलेले नाहीत. इन्सुलिन नसलं की शरीर स्वतःलाच खायला लागतं. आणखी दोन तास गेले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

"आता?" हमालाने विचारलं.

"आता जगेल. आणि आजपासून खाण्यात, औषधात काहीही बदल करायचा तर मला विचारून."

हमाल उठला आणि निघून गेला. दुपारी परत आला तेव्हा त्याची बोटं सोललेली होती. पावडरवाल्याच्या खोलीत जाऊन त्याने दोन दिवे, एक कॅमेरा आणि त्या माणसाचे पुढचे दोन दात एवढं मोडून ठेवलं होतं. ठिणगीला कळलं तेव्हा ती उशीवरून म्हणाली, "शाबास. आता पोलीस तुम्हाला नेतील, तो नवे दात बसवेल, आणि मास्तरांचा व्हिडिओ चालूच राहील."

चालूच होता. मास्तरांनी काढून टाक म्हणून सांगितलं, तर पावडरवाला सुजलेल्या तोंडाने म्हणाला, सही केलीय तुम्ही, माझा आहे तो.

पाचव्या दिवशी तिने मास्तरांना आत बोलावलं. ते दाराशी उभे राहिले. काही बोलायला गेले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"रडू नका. तुम्हाला कधीच जमलेलं नाही," ती म्हणाली. "आणि माफी मागायला आला असाल तर परत जा. माझ्याकडे नाहीये ती. बसा. तुमच्या व्हिडिओखाली किती जणांनी लिहिलंय माहितीये? अकरा हजार. मी सकाळपासून वाचतेय. यात माझ्यासारख्या किती आहेत बघायचंय मला."

मास्तर स्टुलावर बसले. तिने फोन उशीला टेकवून उभा केला, त्यांना बहिणीकडून मागवलेला जबड्याचा एक्स-रे हातात धरायला लावला, आणि मास्तरांनी बोलायला घेतलं.

"थांबा. आवाज कशाला चढवताय?"

ते पुन्हा बोलले.

"हात हलवू नका. राजाला बातमी देताय का? माझ्या नवऱ्याला टेम्पोत सांगितलं असतंत तसं सांगा."

"तो मारत होता गं मला टेम्पोत."

"मग तसं सांगा."

सहाव्या खेपेला त्यांनी ते सपाट, पडक्या आवाजात सांगितलं: जबडा मोडला होता, साखरेचा आजार मला कधी नव्हता, ते पाणी मी प्यायलो नाही, औषध थांबवलं असेल तर आत्ता डॉक्टरांकडे जा. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी लिहिलं की म्हाताऱ्याला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलंय.

"असं नाही पुरायचं," ठिणगी म्हणाली. "एकेकाला सांगावं लागेल." तिचं बोट पडद्यावर एका जागी थांबलं. "ही बघा काय लिहितेय. आईचं इन्सुलिन परवापासून बंद केलंय, उलट्या चालू आहेत, विष किती दिवस निघतं, कृपया सांगा. खाली नंबर दिलाय. हे काल दुपारचं आहे."

मास्तरांनी नंबर लावला. चौथ्या घंटीला एका बाईने उचलला.

"मी तो व्हिडिओतला माणूस. हिरवं पाणी. ते खोटं आहे. तुमच्या आईला इन्सुलिन..."

पलीकडून शिव्या सुरू झाल्या. मास्तरांच्या, त्यांच्या बापाच्या, त्यांच्या मिशीच्या. फोन ठिणगीच्या उशीपर्यंत ऐकू येत होता.  शेवटी ती बाई दमली, रडायला लागली आणि म्हणाली, "आता किती देऊ? आधी होतं तेवढंच देऊ का?"

"मला नाही सांगता येणार. मला काही येत नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. श्वास जोरात चाललाय का?"

"हो."

"तोंडाला फळांसारखा वास?"

"हो. हो, येतोय."

"मग फोन ठेवू नका, खिशात टाका, आणि त्यांना उचला. कुणी आहे घरात?"

"भाऊ आहे."

"हाक मारा त्याला."

तिने हाक मारली. मग भांड्याला पाय लागल्याचा आवाज आला, कुणीतरी धावलं, एका म्हातारीच्या कण्हण्याचा आवाज आला, जिन्यावर जड पावलं. मास्तर फोन कानाला लावून बसून राहिले. ठिणगी कोपरावर उठून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. गाडीचं दार आपटलं, ड्रायव्हरने कुठे म्हणून विचारलं, भावाने दवाखान्याचं नाव ओरडून सांगितलं.

"निघाले," मास्तर म्हणाले.

"पोचेपर्यंत ठेवू नका," ठिणगी म्हणाली, आणि स्वतःच्या फोनवर पुढचं नाव शोधायला लागली.